अरण्याचा इतिहास लिहिणारा माणूस

भाषांतर करणाऱ्याला कधीतरी असा एखादा शब्द भेटतो की पुढे पाऊलच टाकता येत नाही. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांवरचा एक लेख मी मराठीत आणत होतो. तिसऱ्याच ओळीत ‘विल्डरनेस’ हा शब्द आला आणि मी अडलो. ‘जंगल’ लिहावं, तर त्या लेखातल्या विल्डरनेसमध्ये वाळवंट होतं, हिमनदी होती, समुद्रकाठची दलदलही होती. ‘अरण्य’ लिहावं, तर लगेच ऋषींचे आश्रम आणि होमाचा धूर डोळ्यांपुढे येतो. ‘रान’ हा शब्द मनात आला, तेव्हा मात्र मला हसूच आलं. आमच्याकडे, सांगली-साताऱ्याच्या बाजूला, ‘आबा कुठं गेल्यात?’ असं विचारलं की ‘रानात’ असं उत्तर मिळतं. आबा शेतात गेलेत, एवढाच त्याचा अर्थ.

लेख पूर्ण झाला, शब्द मात्र मनातून जाईना. त्याचा माग काढता काढता मी एका पुस्तकापाशी पोचलो आणि पुस्तकातून ते लिहिणाऱ्या माणसापाशी. ‘विल्डरनेस अँड द अमेरिकन माइंड’ हे त्या पुस्तकाचं नाव. लेखक रॉडरिक नॅश. ज्या शब्दापाशी मी अडलो होतो, त्या एका शब्दाचा इतिहास लिहिण्यात या माणसानं आपली उमेदीची वर्षं घातली होती.

नॅश यांचा जन्म १९३९ सालचा, न्यूयॉर्क शहरातला. निसर्गावर लिहिणारा माणूस खेड्यात वाढलेला असणार, असं आपण गृहीत धरतो. नॅश महानगरातले. ही गोष्ट लक्षात ठेवू, पुढे तिचा उपयोग आहे. १९६० मध्ये हार्वर्डमधून पदवी घेतल्यावर ते विस्कॉन्सिन विद्यापीठात मर्ल कर्टी यांच्या हाताखाली संशोधनाला गेले. कर्टी हे विचारांच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक, १९४४ चे पुलित्झर पारितोषिकाचे मानकरी. विचारांचा इतिहास म्हणजे काय? लढाया, तह आणि निवडणुका यांच्या मागे लोकांच्या मनात ज्या कल्पना असतात, त्या कुठून आल्या, कशा बदलल्या, याचा शोध. स्वातंत्र्य, प्रगती, लोकशाही हे या शाखेचे नेहमीचे विषय. तरुण नॅश यांनी प्रबंधासाठी विषय घेतला रानटी निसर्गाचा. त्या काळच्या इतिहास विभागांत ही गोष्ट चमत्कारिकच होती. डोंगर, नद्या, अस्वलं हा भूगोलाचा नाहीतर जीवशास्त्राचा प्रांत. इतिहासकाराचं तिथे काय काम?

नॅश यांचं उत्तर साधं होतं. डोंगर होते तिथेच आहेत, पण डोंगराकडे पाहणारी नजर तीनशे वर्षांत पार उलटी झाली. नजर बदलते, तेव्हा तिला इतिहास असतो. हा प्रबंध १९६७ मध्ये येल विद्यापीठानं पुस्तकरूपानं काढला. नंतर १९७३, १९८२, २००१ आणि २०१४ मध्ये त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. एका प्रबंधाला इतकं दीर्घ आयुष्य क्वचितच लाभतं.

पुस्तकाची सुरुवातच शब्दापासून होते. जुन्या इंग्रजीत ‘डेओर’ म्हणजे माणसाच्या ताब्यात नसलेलं जनावर. ‘वाइल्ड’चा संबंध ‘विल’शी, म्हणजे स्वतःच्या मर्जीशी. तेव्हा विल्डरनेस म्हणजे आपल्या मर्जीनं हिंडणाऱ्या श्वापदांची जागा. नॅश सांगतात की हे नाम असलं तरी वागतं विशेषणासारखं. ते एखाद्या ठिकाणाचं वर्णन करत नाही, त्या ठिकाणी गेल्यावर माणसाला काय वाटतं ते सांगतं. वाट चुकल्याची, आपलं इथे काही चालत नाही याची ती भावना आहे. म्हणून एकाचा विल्डरनेस दुसऱ्याचं अंगण असू शकतो.

मग ही भावना कशी बदलत गेली, त्याची कथा. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून उतरलेल्या प्युरिटन मंडळींना समोरचं रान भेसूर वाटलं. बायबलमध्ये विल्डरनेस म्हणजे शापित, निर्जल भूमी; सैतानाची आणि कसोटीची जागा. ते तोडणं, जाळणं, नांगराखाली आणणं हे पुण्यकर्म होतं. पिढ्यानपिढ्या कुऱ्हाड चालवणाऱ्या या वसाहतकाऱ्यांना झाडाच्या सौंदर्यावर कविता सुचण्याचं कारण नव्हतं. ज्याच्या कोठारात लांडगा शिरतो, तो लांडग्याच्या हक्कांवर भाषण देत नाही.

रानाचं कौतुक सुरू झालं ते शहरांत, पुस्तकं वाचणाऱ्या, पोट भरलेल्या माणसांत. नॅश यांचा हा सिद्धांत मला फार महत्त्वाचा वाटतो. थोरोनं १८५१ मध्ये आपल्या गावच्या व्याख्यानात रानटीपणातच जगाचं रक्षण आहे, असा विचार मांडला. पण हाच थोरो १८४६ मध्ये मेन राज्यातल्या कटाडिन पर्वतावर गेला होता, तेव्हा तिथल्या उघड्या, निष्ठुर कातळापुढे चांगलाच हादरला होता. गावापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं, अर्धं माणसाळलेलं रान त्याला मानवत होतं. नॅश हे थोरोची चेष्टा करण्यासाठी सांगत नाहीत. निसर्गप्रेमाला एक सुरक्षित अंतर लागतं, हे त्यांना दाखवायचं आहे.

या प्रेमाची एक मजेदार गोष्ट त्यांच्या पुस्तकात आहे. ४ ऑगस्ट १९१३ या दिवशी जो नोल्स नावाचा चाळिशी उलटलेला एक चित्रकार मेनच्या जंगलात शिरला. अंगावर कपडा नाही, हातात हत्यार नाही. दोन महिने एकट्यानं राहायचं, असा त्याचा पण. भूर्जाच्या सालीवर कोळशानं लिहिलेला मजकूर तो धाडायचा आणि बोस्टनचं एक वर्तमानपत्र तो छापायचं. ऑक्टोबरमध्ये अस्वलाचं कातडं पांघरून तो बाहेर आला, तेव्हा त्याला पाहायला गर्दी लोटली. त्याचं पुस्तक धडाक्यानं खपलं. हे सगळं थोतांड होतं, असा आरोप पुढे झाला. नॅश यांना त्याच्या खरेखोटेपणात फारसा रस नाही. त्यांचा प्रश्न असा, की शंभर वर्षांपूर्वी ज्या माणसाला लोकांनी वेडा म्हणून हाकललं असतं, त्याला १९१३ मध्ये डोक्यावर का घेतलं? उत्तर असं, की १८९० च्या जनगणनेनंतर अमेरिकेत ‘सरहद्द संपली’ हे जाहीर झालं होतं. जी गोष्ट हातातून निसटते, तिची किंमत तेव्हा कळते.

त्याच वर्षी दुसरी एक लढाई संपली. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात हेच हेची नावाची दरी होती. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत होरपळलेल्या सॅन फ्रान्सिस्को शहराला पाणी हवं होतं आणि त्यासाठी या दरीत धरण बांधायचं होतं. जॉन मूर या निसर्गलेखकानं आणि त्याच्या साथीदारांनी देशभर रान उठवलं. पाहा, इथेही आपल्याला रानच आठवतं! डिसेंबर १९१३ मध्ये धरणाला मंजुरी मिळाली, मूर हरला आणि वर्षभरात वारला. नॅश म्हणतात, दरी बुडाली यात नवल नाही. एका दरीसाठी देशभर इतका गदारोळ झाला, हे नवल. पन्नास वर्षं आधी कुणी चकार शब्द काढला नसता. पुढे १९५० च्या दशकात इको पार्कचं धरण विरोधामुळे रद्द झालं आणि ३ सप्टेंबर १९६४ रोजी विल्डरनेसचा कायदा झाला. त्याचे मसुदे लिहून लिहून झिजलेले हॉवर्ड झानायझर तो दिवस पाहायला नव्हते. चारच महिने आधी ते गेले. या कायद्यानं पहिल्याच दिवशी सुमारे ९१ लाख एकर जमीन राखली गेली. आज ते क्षेत्र ११ कोटी एकरांच्या वर आहे. माणूस जिथे पाहुणा म्हणून येईल आणि मुक्काम न करता निघून जाईल, अशी या कायद्यातली जागेची कल्पना आहे.

नॅश केवळ ग्रंथालयातले विद्वान नव्हते. खवळलेल्या नद्यांतून रबरी तराफे नेण्याचा त्यांना जबर नाद. अमेरिकेतल्या दहा नामांकित धावत्या प्रवाहांवर त्यांनी एक पुस्तकही लिहिलं. या नादातूनच त्यांना आपल्या विषयातला एक पेच दिसला. ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीनं खाली जाणाऱ्यांची संख्या त्यांनी मांडली आहे. १९४० पर्यंतच्या सगळ्या वर्षांत मिळून शंभर माणसंही गेली नव्हती. १९७२ या एका वर्षात १६ हजारांहून अधिक गेली. म्हणजे शत्रूंपासून वाचवलेलं रान आता मित्रांच्या पायांखाली तुडवलं जाऊ लागलं. एकांत शोधायला आलेल्या माणसाला परवान्यासाठी रांगेत उभं राहावं लागलं. पर्यटकांच्या जीपगाड्यांची रांग वाघासमोर उभी राहते, तेव्हा मला नॅश यांचं हे प्रकरण आठवतं.

१९६६ पासून नॅश कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बारा इथल्या शाखेत शिकवत होते. २८ जानेवारी १९६९ रोजी त्या गावासमोरच्या समुद्रात एका तेलविहिरीचा स्फोट झाला. सुमारे ३० लाख गॅलन तेल पाण्यावर पसरलं. किनारा काळा झाला, हजारो समुद्रपक्षी तेलानं माखून मेले. इतिहासाच्या प्राध्यापकानं अशा वेळी काय करावं? नॅश यांनी पर्यावरणीय हक्कांचा एक जाहीरनामा लिहिला. बरोबर एका वर्षानं, २८ जानेवारी १९७० रोजी, तो गावात भरलेल्या परिषदेत वाचला गेला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यांच्या डोळ्यांपुढे होता. फरक इतकाच, की या वेळी तक्रार राजाविरुद्ध नव्हती, स्वतःविरुद्ध होती. त्याच वर्षी विद्यापीठात पर्यावरण अभ्यासाचा विभाग सुरू झाला, त्याच्या संस्थापकांत नॅश होते. १९९४ मध्ये ते तिथूनच निवृत्त झाले.

१९८९ मध्ये त्यांचं दुसरं महत्त्वाचं पुस्तक आलं, ‘द राइट्स ऑफ नेचर’. हक्कांचं वर्तुळ कसं रुंदावत गेलं, याची त्यात एक आकृती आहे. १२१५ मध्ये मॅग्ना कार्टानं इंग्लंडच्या सरदारांना हक्क दिले. मग १७७६ मध्ये अमेरिकी वसाहतकार, १८६३ मध्ये गुलाम, १९२० मध्ये स्त्रिया, १९२४ मध्ये मूळ रहिवासी, असं करत १९७३ च्या कायद्यानं संकटग्रस्त पशुपक्ष्यांचा नंबर लागला. माणसानं माणसाला हक्क द्यायला इतकी शतकं लावली, आता तो नदीला आणि अस्वलाला देऊ पाहतो आहे, असा तो आशेचा आलेख.

मी या आकृतीकडे बराच वेळ पाहत बसलो होतो. माझं लक्ष १९२४ वर अडकलं. त्या साली अमेरिकेतल्या सगळ्या मूळ रहिवाशांना नागरिकत्व मिळालं. पण यलोस्टोनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं १८७२ मध्ये. योसेमिटीच्या दरीत सैनिक शिरले आणि तिथल्या आवानिची लोकांना त्यांनी हुसकावलं ते १८५१ मध्ये. म्हणजे ज्या माणसांची ती भूमी, ती नागरिक म्हणून मोजली जाण्याआधीच भूमी ‘निर्मनुष्य’ झाली होती. जो विल्डरनेस जपला, तो निम्मा निसर्गानं आणि निम्मा बंदुकीनं तयार केलेला होता. नॅश यांना हे ठाऊकच नव्हतं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. लाकोटा जमातीचे लूथर स्टँडिंग बेअर यांचं म्हणणं त्यांनी आपल्या पुस्तकात नोंदवलं आहे. आम्हाला हा प्रदेश कधी रानटी वाटलाच नाही, तो गोऱ्यांनाच तसा वाटला, असा त्याचा आशय. पण ही गोष्ट त्यांच्या कथेच्या काठावर राहिली, मध्यावर आली नाही.

योगायोग असा, की त्याच १९८९ मध्ये रामचंद्र गुहा या भारतीय अभ्यासकाचा एक निबंध अमेरिकेतल्या एका नियतकालिकात आला आणि त्यानं बरीच खळबळ उडवली. गुहांचं म्हणणं थोडक्यात असं. अमेरिकेत जमीन अफाट, लोकवस्ती विरळ. तिथलं विल्डरनेसचं वेड हजार मैल गाडी हाकून सुट्टीला जाणाऱ्या समाजाला परवडतं. तेच भारतासारख्या दाट वस्तीच्या, शेतीवर जगणाऱ्या देशात आणून लावलं, तर त्याचा भार गरिबांवर पडतो. उदाहरण त्यांनी व्याघ्रप्रकल्पाचं दिलं. पुढे १९९५ मध्ये विल्यम क्रोनन या अमेरिकी इतिहासकारानंही, नॅश यांचंच बोट धरून, पण त्यांच्या पुढे जात, विचारलं: दूरच्या निर्मनुष्य डोंगराला आपण पवित्र मानलं, की आपल्या परसातल्या झाडाची जबाबदारी आपोआप अंगावरून झटकली जात नाही का?

इथे हा विषय आपल्या दारात येतो. १ एप्रिल १९७३ रोजी देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, त्या पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं. तिथे कोरकूंची गावं पूर्वापार आहेत. मेळघाटाच्या पायथ्याला, प्रकल्पातून उठून आलेल्या एका गावात मी काही तास बसलो होतो. एक म्हातारेबुवा डोंगराकडे बोट दाखवून जुन्या गावाची खूण सांगत होते. मला दिसत होती फक्त निळसर रेघ. ते म्हणाले, ‘‘तिथं आमची मोहाची अकरा झाडं.’’ मग एकेका झाडाचं सांगू लागले: कुठलं नाल्याकाठी, कुठल्याची फुलं आधी गळतात, कुठलं भावाच्या वाटणीला गेलं. नकाशात ती सगळी जागा एकाच रंगानं रंगवलेली असते.

पण त्याच दिवशी मी दुसरी बाजूही ऐकली. उठलेल्या गावांच्या जागी गवताची कुरणं झाली आहेत, त्यांवर चितळ-सांबर येतात, त्यांच्यामागे वाघ येतो. हेही खरं आहे. शिवाय त्या म्हाताऱ्यांची सूनच म्हणाली, ‘‘इथं दवाखाना जवळ आहे, मी परत जाणार नाही.’’ तेव्हा कुणा एकाला खलनायक ठरवून मोकळं होता येत नाही. नॅश यांनी शिकवलेली गोष्ट इथे कामाला येते. रानाची कल्पना निसर्गानं दिलेली नाही, ती आपण घडवली आहे. आपण घडवलेली असल्यामुळे ती बदलता येते. आपल्याकडे २००६ मध्ये वनहक्कांचा कायदा झाला आणि २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा गावाला त्याच्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, हा त्या बदलाचाच भाग.

मात्र नॅश यांचं एक म्हणणं मला सोडवत नाही. विल्डरनेस राखणं म्हणजे माणसानं आपला हात आपणहून आवरणं, असं ते मानतात. धरण बांधता येतं, खाण खणता येते, तरी आम्ही ते करणार नाही, असं एखाद्या समाजानं ठरवणं ही संस्कृतीची खूण आहे. हा संयम आपल्याला परका नाही. देवराईतली वाळकी काटकीही न उचलणारी गावं सह्याद्रीत आहेत. अडचण एवढीच, की हात कुणी आवरायचा हे ठरवताना आपण बहुधा दुसऱ्याच्या हाताकडे पाहतो.

आता पुन्हा माझ्या शब्दाकडे येतो. ‘रान’ हा शब्द ‘अरण्य’पासून आला आणि अरण्याच्या मुळाशी वेदकाळातला ‘अरण’ आहे. त्याचा अर्थ दूरचं, परकं. म्हणजे आपल्या पूर्वजांनाही ती जागा प्युरिटनांइतकीच परकी वाटत असणार. पण मराठीच्या तोंडी रुळता रुळता ‘रान’ इतकं जवळ आलं, की त्यात एकीकडे वाघ आणि रानडुक्कर राहिले, तर दुसरीकडे ज्वारी आणि गायरान. ‘रानटी’ ही शिवी झाली खरी, पण ‘रानमेवा’ म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं. इंग्रजीत जी भिंत विल्डरनेस आणि शेत यांच्यामध्ये उभी राहिली, ती आपल्या या शब्दात नाही.

माझ्या भाषांतराच्या पहिल्या खर्ड्यात मी ‘निर्मनुष्य प्रदेश’ असं लिहिलं होतं. आता एका संग्रहासाठी तो लेख पुन्हा हाती आला, तेव्हा ते खोडून ‘राखलेलं रान’ असं लिहिलं. पूर्ण बरोबर आहे, असा माझा दावा नाही. पण ‘रान राखणं’ म्हणजे काय, ते मी लहानपणी पाहिलं आहे. ज्वारी हुरड्यात आली की आबा माळ्यावर बसून पाखरं हाकायचे. दोन-चार ताटं पाखरांसाठी मुद्दाम सोडायचे. रात्रीही तिथेच निजायचे. रान राखणारा माणूस रानातच असायचा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)